पाटलिणीनं दौलतला पाडलं

“मग मला जोड कोण देणार, वस्ताद?”

पिराजी खोत लंगोट लावून हौद्याच्या काठावर उभा होता. तालमीत शुकशुकाट. हौद्यातली तांबडी माती काल उकरून ठेवली होती तशीच होती, तिच्यावर एका पावलाचा ठसा नव्हता.

मगदूम वस्ताद दारातल्या दगडावर बसून पायाला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण कोण हाय?” ते म्हणाले.

“कुणीच न्हाई. म्हणून तर इचारतोय.”

“कुणीच न्हाई...” वस्तादांनी दुसऱ्या पायासाठी तेल घेतलं. “म्हशीचं दूध उरतंय, पिराजी. प्यायला माणूस न्हाई. आमच्या म्हातारीनं कालपास्नं तिची पेंड कमी केली.”

पिराजीला म्हशीशी काही देणंघेणं नव्हतं. बिरोबाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेतली पहिल्या नंबरची कुस्ती त्याची आणि माणदेशच्या हिंदुराव शेळक्याची ठरली होती. हिंदुराव म्हणजे अंगानं सव्वा पिराजी, आणि वाकून पाय खेचण्यात, पट काढण्यात विजेसारखा. अशा गड्यापुढं उभं राहायचं तर नुसत्या जोर-बैठका मारून भागत नाही. रोज अंगाला अंग लागावं लागतं, घाम निघावा लागतो. ही कुस्ती गेली असती तर पिराजीचं नाव गेलं असतंच, पण वस्तादांच्या तालमीला कुलूप लागायलाही वेळ लागला नसता. आधीच तिथं कावळे ओरडत होते.

जोड का नव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एकटा पिराजी सोडून.

तीन वर्षं त्याच्या पाठीला माती लागलेली नव्हती. मैदानात नाही, हे ठीकच. पण हा गडी सरावातसुद्धा पाठ लावून घेत नसे. सरावाची कुस्ती निराळी आणि मैदानातली निराळी, हा तालमीतला पहिला धडा. थोरल्यानं धाकट्याला डाव करू द्यायचा, आपण खाली जायचं, हसत उठायचं आणि पुन्हा धरायचं. पिराजीला त्यात कमीपणा वाटे. वस्तादांनी किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग कुणाचा गुडघा सरकला, कुणाचा कान फुटला. इस्माईल मुजावरानं तर गेल्या वर्षी त्याला उलटा करतच आणला होता. पाठ टेकायच्या आत पिराजीनं त्याला असा आपटला, की इस्माईलच्या खांद्याचं हाड मोडलं.

मग एकेक पैलवान गळाला. कुणी पलीकडच्या गल्लीतल्या तालमीत गेला, कुणी शेताला लागला. हाड जुळल्यावर इस्माईल तेवढा परत आला. पण पिराजी आत शिरला की तो हौद्याबाहेर निघायचा आणि भिंतीकडं तोंड करून मुकाट बैठका मारायचा.

पिराजी मात्र सांगत सुटायचा, “माझ्यापुढं उभं ऱ्हायची कुणाची छाती न्हाई.” स्वतःची पाठ स्वतःच थोपटायची म्हटल्यावर तिला माती कशी लागणार?

“जोड देतो,” वस्ताद म्हणाले.

पिराजीचा चेहरा उजळला. “कोण?”

“मागच्या परड्यात जा. तिथं दौलत हाय, पाटलीण हाय.”

पिराजीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दौलत म्हणजे वस्तादांचा कुत्रा. शिकारी जातीचा, उंच, लांब तोंडाचा, धावत्या सशाला तोंडात धरणारा. आणि पाटलीण म्हणजे वस्तादांच्या शेळीचं करडू. वीतभर कान आणि हातभर तोरा. तो तोरा बघूनच म्हातारीनं तिला पाटलीण म्हणायला सुरुवात केली होती.

“कुत्र्यासंगं लढू?”

“लढू नगंस. बघ. आन् मला येऊन सांग.”

“काय सांगू?”

“कोण जिकलं ते.”

पिराजी परड्यात गेला. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. हाताची घडी, कपाळाला आठी.

दौलत पुढचे पाय फाकून छाती जमिनीला लावत होता, मागचा भाग वर, शेपूट गरागरा. पाटलीण चारही पायांवर टुणकन उडाली, आडवी आडवी आली आणि तिनं त्याच्या बरगडीत डोकं मारलं. मग पळापळ. धूळ. दौलतनं तिला गोठ्याच्या कोपऱ्यात गाठलं आणि तिची अख्खी मान तोंडात धरली.

पिराजी लगेच परत आला.

“दौलत जिकला.”

“कशावरनं?”

“मान धरली की त्यानं. एका दातात खेळ खलास.”

“केला खलास?”

“...न्हाई.”

“मानेवर दात उठला?”

पिराजीनं ते पाहिलं नव्हतं.

“परत बघ,” वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिराजी जरा जास्त वेळ थांबला. पाटलिणीनं दौलतच्या बरगडीत डोकं मारलं आणि तो धाडकन आडवा झाला. चारी पाय वर, पोट उघडं, जीभ बाहेर. पाटलीण त्याच्या पोटावर चढली. तिथं उभी राहून तिनं आजूबाजूला असं बघितलं, जणू गावची सनद तिच्याच नावावर आहे.

“पाटलीण जिकली,” पिराजीनं येऊन सांगितलं.

“आसं? पाटलिणीनं दौलतला पाडलं?”

“पाडलं न्हाई... त्योच पडला.”

“का?”

पिराजीनं डोकं खाजवलं. “भ्याला आसंल.”

वस्ताद इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हातारी आतून पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, “परत बघ.”

तिसऱ्या खेपेला पिराजीनं शहाणपण केलं. “बरोबरीत सुटली, वस्ताद.”

“पंच कोण हुता?”

पिराजीनं परड्याकडं वळून पाहिलं.

“परत बघ.”

मग मात्र पिराजीचा तोल सुटला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“वस्ताद, जत्रा आली! तिकडं हिंदुराव रोज चार-चार गड्यांसंगं झुंजतोय. आन् तुमी मला कुत्री-शेरडं राखायला लावताय? माझी कुस्ती गेली तर त्वांड कुणाला दावू?”

वस्तादांनी बोटानं हौद्याकडं दाखवलं.

“मोकळाच हाय. जा. लढ.”

पिराजीनं हौद्याकडं पाहिलं. सपाट माती, वर मारुतीची तसबीर, भिंतीपाशी बैठका मारणारी इस्माईलची पाठ. इस्माईल वळला नाही...

आपल्याला कुणी भीत नाही, आपण कुणाला नको आहोत, हे पिराजीला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं आणि ते फार झोंबलं. तो परड्याकडं वळला.

या वेळी तो उभा राहिला नाही. शेणाच्या पाटीशेजारी खालीच बसला.

खेळ रंगात आला होता. पाटलीण पळायची, दौलत मागं लागायचा. पण तो पूर्ण पळत नव्हता, हे पिराजीच्या आज ध्यानात आलं. सशामागं सुटणारा हा कुत्रा करडामागं लंगडत लंगडत धावत होता. पाटलीण दमली की तोच दमल्यासारखा लोळायचा. मग ती मागं लागायची आणि हा शेपूट घालून पळायचा, गोठ्याभोवती गरगर. काही वेळानं कोण कुणाच्या मागं लागलंय हेच कळेनासं झालं.

आणि मग चूक झाली. वळणावर दौलतचा पाय घसरला आणि तो सगळ्या वजनानिशी पाटलिणीवर आला. “बें!” करून ती ओरडली. अंग झटकून उठली, आणि तडक शेळीच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली. तोंड भिंतीकडं.

असं भिंतीकडं केलेलं तोंड पिराजीनं आत्ताच तालमीत पाहिलं होतं.

दौलत तिच्यामागं गेला नाही. भुंकलाही नाही. जागच्या जागी बसला, मग हनुवटी जमिनीला लावून पसरला. एवढा मोठा कुत्रा, पण त्यानं स्वतःला पार लहान करून टाकलं. कान पाडले. आणि वाट बघत राहिला.

शेळीनं रवंथ केला. माशी आली, गेली.

पाटलीण ढिम्म हलेना.

दौलतनं शेपटीचं टोक जमिनीवर एकदाच हळूच आपटलं.

“ये की गं पाटलिणी!” पिराजी मोठ्यानं ओरडला. “चुकलं त्याचं! मुद्दाम न्हाई केलं त्येनं! ये की!”

पाटलिणीनं मान वळवली. एक पाऊल. थांबली. दुसरं पाऊल. मग चारही पायांवर टुणकन उडी, आणि थेट दौलतच्या नाकाडावर धडक! दौलत मोठ्या हौसेनं उलथा झाला, आणि पिराजी दोन्ही मांड्यांवर थाप मारून उठला.

“वाहवा! वाहवा रं पठ्ठे!”

त्यानं वळून पाहिलं. वस्ताद परड्याच्या दारात उभे होते.

“काय, पैलवान? कोण जिकलं?”

पिराजीनं मांड्यांवरची धूळ झटकली.

“...ते बघायचं ऱ्हाऊन गेलं, वस्ताद.”

वस्ताद आत गेले, हौद्यातली मूठभर तांबडी माती घेऊन आले आणि त्यांनी ती थाडकन पिराजीच्या उघड्या पाठीवर मारली.

पिराजी शहारला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाठीला माती लागली होती. लागली तेव्हा थंड वाटली, आणि बरी वाटली.

“आता जा,” वस्ताद म्हणाले.

तो तालमीत गेला. इस्माईल भिंतीकडं तोंड करून होताच. पिराजीनं त्याला हाक मारली नाही. तो हौद्यात उतरला, मधोमध गेला, गुडघे टेकले, हात टेकले आणि मान खाली घालून बसला. सरावात थोरल्यानं धाकट्याखाली बसावं तसा.

बराच वेळ नुसता इस्माईलच्या बैठकांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“काय ह्ये?” इस्माईल म्हणाला.

“वरनं धर.”

“कशाला? दुसरा खांदा ऱ्हायलाय म्हणून?”

पिराजीनं मान आणखी खाली घातली.

“चुकलं माझं, इस्माईल,” तो मातीकडं बघत म्हणाला. “तवाच म्हणायला पायजे हुतं. न्हाई म्हटलं.”

इस्माईल जुळलेला खांदा चोळत राहिला.

“तू म्हणशील तिथं सोडीन.”

“आन् तुझी पाठ लागली तर?”

“लागू दे.”

इस्माईल हौद्याच्या काठावर येऊन उभा राहिला. त्यानं पिराजीची पाठ पाहिली. तिच्यावर वस्तादांची पाच बोटं तांबडी उमटली होती.

“कुणी मारलं रं तुला?”

“वस्तादांनी.”

“कशापायी?”

“कुत्र्याचा खेळ बघताना मी ओरडलो म्हणून.”

इस्माईलला ते मुळीच कळलं नाही. पण त्याला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. हसत हसतच तो हौद्यात उतरला, मूठभर माती पिराजीच्या खांद्यावर टाकली, कपाळाला लावली आणि वरून धरलं. पिराजीनं धडपड केली, पण बेताची. इस्माईलनं त्याला कुशीवर घेतलं, उलटा केला आणि पाठ टेकवली.

पिराजी उताणा पडून वर बघत राहिला. तालमीचं आढं त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. आढ्याला चिमण्यांचं घरटं होतं.

“हितं घरटं कधीपास्नं हाय?” त्यानं विचारलं.

“दोन-तीन वर्सं झाली की,” इस्माईल धापा टाकत म्हणाला. “आमी रोजच बघतो.”

दोघंही इतके हसले की म्हातारी काय झालं म्हणून बघायला आली.

अशी बातमी गावात लपून राहत नाही. इस्माईलनं पिराजीला पाडलं म्हणे! बघायला म्हणून एक जुना गडी आला, आणि लंगोट लावून आत उतरला. मग दुसरा आला. पिराजी सगळ्यांच्या खाली गेला. खाली गेल्यावर त्याला कळू लागलं, की खाली फार जागा असते. वरचा गडी कुठं वजन टाकतो, कुठं घाई करतो, त्याचा कुठला हात लांब राहतो, हे खालून जेवढं दिसतं तेवढं वरून कधीच दिसत नाही. कुणाच्या अंगावर जास्त भार गेला आणि तो कण्हला, की पिराजी तिथंच सोडायचा, बाजूला बसायचा आणि त्यानं पुन्हा धरायची वाट बघायचा. तालमीत हसण्याचे आवाज येऊ लागले. दूध उरेनासं झालं.

जत्रेचा दिवस उजाडला. सगळी तालीम टेम्पोत चढली. पिराजी वस्तादांच्या पाया पडला.

“तुमी चला की.”

“मी आलो तर पाटलिणीला कोण बघंल?” वस्ताद म्हणाले, आणि खरंच गेले नाहीत.

मैदान माणसांनी फुललं होतं. हलगी कडाडत होती. पहिल्या नंबरची कुस्ती पुकारली आणि हिंदुराव शेळके आखाड्यात आला तेव्हा लोक नुसते “आबाबा” म्हणाले. दोघांनी माती उचलली, एकमेकांना दिली. हात मिळाले.

उभ्या उभ्या हात अजमावण्याची खडाखडी फार वेळ चालली नाही. हिंदुराव वाकला कधी आणि पिराजीचा पाय त्याच्या हातात गेला कधी, ते कुणालाच दिसलं नाही. पट निघाला. पिराजी धाडकन तोंडावर आला आणि हिंदुरावाचं सगळं वजन त्याच्या मानेवर बसलं.

मैदान उठून उभं राहिलं. “गेला! खोत गेला!”

पूर्वीचा पिराजी इथं घाबरला असता. खाली काय करायचं हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं वेड्यासारखा झटका दिला असता, आणि हिंदुरावाला तेच हवं होतं.

पिराजीच्या नाकातोंडात माती गेली होती. आखाड्याच्या मातीत घालतात त्या ताकाचा, लिंबाचा, हळदीचा तिला वास होता. घरचाच वास. एका डोळ्यानं त्याला वरचं आभाळ दिसलं आणि वाटलं, इथं घरटं नाही एवढाच फरक.

तो हसला. मातीत तोंड असतानाच खुदकन हसला.

हिंदुरावानं ते ऐकलं. मानेवर बसल्यावर रडणारे, शिव्या घालणारे गडी त्यानं पाहिले होते. हसणारा पाहिला नव्हता. तो चमकला, आणि घाई करून त्यानं हात आणखी खोल घातला. लांब राहिला तो हात. पिराजीनं तो आपल्या काखेत आवळला, कूस बदलली आणि गडगडला. सव्वा पिराजी हवेतून फिरून खाली आला.

त्या एका क्षणात हिंदुरावाचा खांदा बरोबर पिराजीच्या छातीखाली होता. सगळं वजन टाकलं असतं तर हाड कडकन मोडलं असतं. इस्माईलच्या हाडाचा तो आवाज पिराजीच्या कानात वर्षभर होता. त्यानं गुडघा मातीत रोवला आणि आपला भार आपणच झेलला. हिंदुरावाची पाठ टेकली ती अलगद, अख्खी.

चितपट!

टोप्या उडाल्या. फेटे उडाले. गुलालानं आभाळ लाल झालं. इस्माईल मैदानात घुसला आणि त्यानं जुळलेल्या खांद्यावर पिराजीला उचलून घेतलं. वरून पिराजी ओरडत होता, रडत होता, हसत होता. एवढा आनंद त्याला कुठल्याच कुस्तीनं दिला नव्हता.

हिंदुराव मातीत बसून खांदा चाचपत होता. खांदा शाबूत होता, हे त्यालाच खरं वाटत नव्हतं. पिराजी खाली उतरला आणि त्याच्याकडं गेला.

“हसलास का रं मगाशी?” हिंदुरावानं विचारलं.

“हितं सांगून कळायचं न्हाई,” पिराजी म्हणाला. “आमच्या परड्यात चल. दावतो.”

दिवस मावळायच्या आत मिरवणूक गावात आली. पुढं हलगी, मागं टेम्पो, सगळ्यांच्या अंगावर गुलाल. वस्ताद गोठ्यात म्हशीखाली बसले होते. चरवीत धार वाजत होती. पिराजी दारात उभा राहिला, हातात बक्षिसाची गदा, पाठ मातीनं तांबडीलाल. सगळी तालीम गप्प झाली. आता वस्ताद विचारणार, कोण जिकलं, आणि सगळे एकदम ओरडणार, असं ठरलंच होतं.

वस्तादांनी विचारलं नाही. त्यांनी धार काढता काढता मान वळवली. गदेकडं त्यांची नजर गेलीच नाही. ती पिराजीच्या मागं उभ्या असलेल्या थोराड गड्यावर गेली.

“ह्यो कोण?”

“हिंदुराव शेळके,” पिराजी म्हणाला.

वस्तादांची धार थांबली.

“खांदा?”

हिंदुरावानं मुकाट्यानं हात वर करून गरकन फिरवून दाखवला. त्याच वेळी पाटलीण कुठून तरी आली, तिनं या नव्या पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पोटरीवर एक धडक दिली. माणदेशचा पैलवान दचकून मागं सरला. दौलत पुढचे पाय फाकून त्याच्यासमोर छाती टेकवून उभा राहिला, शेपूट गरागरा. हिंदुराव बघत राहिला... आणि त्याच्या गुलालानं माखलेल्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

“उद्या पहाटंपास्नं आपल्याच तालमीत येतो म्हणतोय, वस्ताद,” पिराजी म्हणाला.

वस्तादांनी चरवी उचलली. तिच्यात वाकून पाहिलं, मग हिंदुरावाच्या छातीकडं पाहिलं, परत चरवीत पाहिलं.

“पिराजी,” ते म्हणाले, “ती गदा ठेव तिकडं, आन् म्हशीची पेंड वाढीव.”